डावीकडचा अर्धा कोलम

कुंभकोणम, २२ सप्टेंबर १९९३

चि. अभिरामीस अनेक आशीर्वाद.

पत्राची सुरुवात क्षेमकुशलाने करावी असा रिवाज आहे. पण माझ्यावर होत असलेला अन्याय एवढा थोर आहे की क्षेमकुशलाने थोडं मागे उभं राहावं. मी सध्या स्वतःच्या हातची कॉफी पितो आहे. ज्या गावात परगावचे लोक निव्वळ कॉफी प्यायला गाडीतून उतरतात, त्या गावात मी, सभेशन, बऱ्या चालणाऱ्या छापखान्याचा मालक, रोज सकाळी फिल्टरपुढे हात जोडून बसतो. एक थेंब पडतो. मग बराच विचार करून दुसरा. काल संतापून झाकण काढलं, आत चमचा घातला, तर सगळं डिकॉक्शन एकदम खाली. रंग असा की त्यात धोतर पिवळं करून घ्यावं. समोरच्या ओट्यावरून लोचना मामी बघत होतीच. म्हणाली, “सभेशा, पूड दाबायची असते रे. धमकवायची नसते.”

ही तक्रार तुझ्याकडे अशासाठी, की जिने ही कॉफी करायची ती बाई तुझी बहीण आहे आणि तिला सध्या ती करता येत नाही. करता येत नाही म्हणजे ती आहे. हे वाक्य पुन्हा वाच. तैयू आहे. माझी तार तुला मिळालीच असेल. तारेत शब्दाशब्दाला पैसे पडतात, म्हणून आता सविस्तर.

आवणी महिन्याच्या अखेरीला ती मागच्या अंगणात कढीलिंब तोडायला गेली आणि झाडाला टेकून खाली बसली. मला वाटलं, दमली. हाक मारली तर म्हणाली, “मला कुणीतरी डावीकडून पुसून टाकलंय.” अर्धांगवायू. तंजावरच्या इस्पितळातून तिला घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दारात सडा घालायचा असतो, पिठाच्या रांगोळीचा कोलम काढायचा असतो, हे मला सुचलंच नाही. लग्न झाल्यापासून मी उठायच्या आधी ते होऊन गेलेलं असायचं. सूर्य उगवतो तसं ते आपोआप होतं अशी माझी समजूत. कुणी गेलेल्या घराच्याच दारात पीठ पडत नाही, आणि आपली गल्ली घराची बातमी उंबऱ्यावरच वाचते, हे तुला मी काय सांगू.

नेमका त्या सकाळी त्रिचीचा तुमच्या माहेरचा चंद्रमौळी बसस्टँडवरून सहज डोकावायला आला. दार सताड उघडं, दारात एक रेघ नाही, ओट्याखाली चपलांचा ढीग, आणि मी खांबाला टेकून डोळे मिटलेले. मी झोपलो होतो. चंद्रमौळी आत आलाच नाही. आत आला असता तर आंघोळ करावी लागली असती, आणि त्याची परतीची बस होती. तो सरळ तारऑफिसात गेला, अक्का गेल्याची तार तुला करायला.

तो एकटा नव्हता. माझा फोरमन एकांबरम त्याच वाटेने कामावर गेला. दुपारी मी छापखान्यात डोकावलो तर टेबलावर श्रद्धांजलीच्या पोस्टरचं प्रूफ. काळी चौकट, मधे समई, खाली ‘आमच्या सर्वांच्या अम्मा’. मी सवयीने चष्मा लावला, दोन चुका दुरुस्त केल्या, आणि तिसरी शोधताना नाव वाचलं.

“एकांबरम! हे काय?”

“अय्या, दारात कोलम नव्हता.”

“म्हणून तू माझ्या बायकोला मारून टाकलंस?”

“काळी शाई संपत आलीय अय्या. म्हटलं, दुसऱ्या कुणाचं यायच्या आत आपल्या घरचं उरकून घ्यावं.”

प्रूफ तैयूला दाखवलं. तोंड एका बाजूला ओघळलं आहे, पण जीभ शाबूत आहे. तिने ते उजवीकडून अर्धंच वाचलं आणि विचारलं, “फोटो कुठला लावणार होतात? तो रामेश्वरचा नको. त्यात मी डोळे मिटलेत.”

तुझी उलट तार आली होती: ‘निघते. मी येईपर्यंत थांबा.’ ती मी तैयूला दाखवली नाही. खिशात आहे. आता तिकीट काढलंच आहेस तर ये. आम्हांला मूलबाळ नाही हे तू जाणतेस. घरात मी आहे, आणि माझी कॉफी आहे.

तुझा अत्तिंबेर, म्हणजे तुझ्या अक्काचा नवरा, हे नातं तू विसरली असशील म्हणून लिहिलं,
सभेशन


कुंभकोणम, १९ ऑक्टोबर १९९३

चि. अभिरामीस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, पावती. अक्काला उतार पडतो आहे हे वाचून आनंद वाटला, तिकीट परत केलं, अक्काने बोलावलं तर येईन. पिनांगमध्ये कागद महाग झालाय का?

म्हणजे बघ, मेलेल्या बहिणीसाठी तू समुद्र ओलांडून येत होतीस. ती जिवंत निघाली तेव्हा तुला आमंत्रण आठवलं. तैयूने जरा धीर धरून मरायला हवं होतं, तुझी भेट झाली असती. रागावू नकोस. रागावलीस तरी चालेल, पण मग चार पानं तरी लिही.

मला ठाऊक आहे, तुम्हां दोघींच्या मधे ते कथलाचं भांडं आहे. तुमच्या आईचं, रसमचं. आईमागे ते अक्काकडे आलं आणि तुला ते हवं होतं. तू पिनांगहून सुट्टीला आलीस तेव्हा हट्टाने म्हणालीस की आज रसम मी करणार. भांडं चुलीवर ठेवलंस, मागच्या दारी लोचना मामीशी बोलत उभी राहिलीस, आत पाणी घालायचं राहिलं. कथलाचं भांडं कोरडं ठेवलं की काय होतं ते आपल्याकडे पोरीसोरींना माहीत. तू परत आलीस तेव्हा चुलीवर भांडं नव्हतं, राखेत एक चकाकतं थारोळं होतं. अक्का एवढंच म्हणाली, “परदेशात राहून संसार विसरलीस.” तूही एवढंच म्हणालीस, “आईनंतर तुला फक्त भांडं उरलं होतं वाटतं.” आणि एक दिवस आधीच गाडीत बसलीस. मी दारात उभा होतो. दोघींपैकी एकीने तरी रडावं म्हणून वाट बघत होतो. तुमच्या घराण्यात ती पद्धत नाही. एक थारोळं, त्यावर नऊ वर्षं. तू राहतेस त्या देशात तर कथील जमिनीतून उकरून काढतात म्हणे; पाहुण्याच्या हाती एक भांडं धाडून दिलं असतंस तर एवढी मोठी खाण रिकामी झाली नसती.

‘अक्का बोलावते आहे’ असं मी खोटंच लिहू शकलो असतो. जन्मभर लोकांच्या लग्नपत्रिका छापल्या. ‘आपल्या आगमनाची आतुरतेने वाट पाहत आहोत’ हे मी झोपेत जुळवतो. पण तुम्ही बहिणी एकमेकींच्या नावाचं खोटं वासावरून ओळखता. म्हणून तिला सरळ विचारलं, “अभिरामीला लिहितोय. काय लिहू?”

ती उजवीकडच्या भिंतीकडे बघत म्हणाली, “लिहा, पाऊस बरा आहे.”

तर, पाऊस बरा आहे.

आता तिची तब्येत. हात-पाय सुधारतील असं म्हणतात. डावा पाय ओढत का होईना, माझ्या खांद्याला धरून ती ओट्यापर्यंत येते. डाव्या हाताची मूठ मात्र मिटलेली असते, ती मी रोज तेल लावून उघडतो. खरा घोटाळा वेगळाच आहे. डावी बाजू तिच्या हिशेबातच नाही. डोळे ठीक आहेत. पण डावीकडे काही असू शकतं हेच तिच्या डोक्यातून गेलंय. डावीकडची वेणी विंचरायची राहते. साडीचा पदर तिकडे असतो म्हणून तो हरवला म्हणते. जेवणाचं तर विचारू नकोस. केळीच्या पानावर मीठ, लोणचं डाव्या टोकाला वाढायचं असतं, मी शास्त्राप्रमाणे वाढतो आणि ती उजवं अर्धं पान स्वच्छ करून मला म्हणते, “मीठ महागलं का? नवरे कंजूष असतात ऐकून होते, पण मिठालासुद्धा?”

एकदा शहाणपण करून मी पानच फिरवून मांडलं, म्हणजे मीठ उजवीकडे येईल. तिला उजव्या हाताला पानाचं निमुळतं टोक दिसलं आणि ती ताट लोटल्यासारखी मागे सरकली. “असं पान गेलेल्यासाठी मांडतात, जेवणाऱ्यासमोर मांडतात का? एकांबरमची घाई तुम्हालाही झालीय?”

तंजावरहून फिलोमिना नावाची पोरगी येते, तिला व्यायाम शिकवायला. हुशार आहे, हसरी आहे, आणि निर्दय आहे. तिने माझी खुर्ची हलवली. ओट्यावर उजव्या खांबाशी असलेली माझी आरामखुर्ची, जिच्यात माझ्या पाठीचा साचा पडलाय, ती उचलून तिने तैयूच्या डावीकडे नेली. “सार, तुम्ही इथूनच बोलायचं. तिला मान वळवावी लागली पाहिजे. दया येऊन उजवीकडे गेलात तर मी येणार नाही.”

म्हणून मी डावीकडे बसतो. पेपर मोठ्याने वाचतो. खोकतो. तिला टोमणे मारतो. ती माझा आवाज ऐकते आणि उजवीकडे शोधते. तिकडे कुणी नसतं. मग म्हणते, “कुठे गेले कोण जाणे, बोलता बोलता उठून जातात.” मी तिच्या हातभर अंतरावर असतो. एकांबरमने पोस्टर चुकीच्या माणसाचं जुळवलं.

ये ना. तुझा आवाज कदाचित तिला दुसऱ्या दिशेने ऐकू येईल. डॉक्टर म्हणतात, जे सुधारायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत. मागून सुधारणारेही असतात, पण त्यांच्यावर विसंबू नका.

सभेशन


कुंभकोणम, २४ नोव्हेंबर १९९३

चि. अभिरामी,

तुझं उत्तर नाही. मी उत्तराची वाट पाहतो असं समजू नकोस. पोस्टमन आला की मी ओट्यावर असतो तो योगायोग.

परवा पाऊस उघडला आणि तैयू म्हणाली, “दार किती दिवस बोडकं ठेवायचं? मला चौरंग द्या.” लोचना मामी इतके दिवस आमच्या दारात चार रेघा ओढून जात होती, ‘लोकांनी परत तारा करू नयेत म्हणून’. पण मामीचा कोलम तैयूला कधीच पसंत नव्हता. मी सडा घातला, म्हणजे अर्धी बादली माझ्या पायांवर ओतली. चौरंग ठेवला, तिला बसवली, पिठाची वाटी उजव्या हाताशी. तिने चिमूट घेतली. अभिरामी, तो हात अगदी पहिल्यासारखा आहे. ठिपक्यामागून ठिपका, सारख्या अंतरावर, जणू जमिनीवर आधीच होते आणि तिने फक्त दाखवले. मग ओळ. ठिपक्यांना वळसे घालत गेली, वर चढली, खाली उतरली. मी गल्लीत उभा राहून, पाय गारठलेले, नुसता बघत होतो. आज सगळं ठीक झालं असं क्षणभर वाटलं.

मग ती मधोमध आली आणि थांबली. चिमूट झटकली. “झालं.”

उजवा अर्धा कोलम, पाकळ्या, वळसे, सगळं जागच्या जागी. डावीकडे नुसती ओली माती. मधल्या रेषेवर ओळीची सगळी टोकं उघडी, कापलेल्या दोऱ्यांसारखी.

“तैयू, बाकीचं?”

“कुठलं बाकीचं?”

“हे. इकडचं.” मी तिचा डावा हात धरून तिकडे केला.

तिने पाहिलंही नाही. म्हणाली, “ते माझं नाही.”

फिलोमिनाला सांगितलं तर ती म्हणाली, “होतं असं, सार. काही पेशंट तर स्वतःचा हात दाखवून विचारतात, हा कुणाचा?” पटलं मला. तिचं शास्त्र आहे, तिने असे कितीतरी पाहिले असतील. पण संध्याकाळी लोचना मामी दार ओलांडून आली, कंबरेवर हात ठेवून त्या अर्ध्या कोलमकडे बघत राहिली आणि म्हणाली, “अगंबाई. अभिरामीची जागा सोडलीय.”

मला हे माहीतच नव्हतं. मामीने तुमच्या आईकडून ऐकलेलं सांगितलं, की मार्गळी महिन्यात पहाटे तुम्ही दोघी एकच मोठा कोलम काढत होता, उजवी बाजू अक्काची, डावी तुझी. मधे ओळी जुळल्या नाहीत तर तुमची आई दोघींना पुसायला लावायची आणि पहिल्यापासून. तू रडायचीस, अक्का रडायची नाही, आणि मधल्या ओळी नेहमी तुझ्याच चुकलेल्या असायच्या.

आता मी दोन गोष्टींच्या मधे उभा आहे. एकीकडे फिलोमिना म्हणते, मेंदूतली शीर. दुसरीकडे मामी म्हणते, बहीण. मी रोज बाजू बदलतो. फिलोमिनाला मामीचं म्हणणं मी सांगितलं नाही. तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं असतं, आणि मला ते लिहून घ्यायला नको होतं.

गल्लीला मात्र विषय मिळाला. कोलम असला तर सगळं कुशल, नसला तर कुणीतरी गेलं, इथवर लोकांना समजतं. अर्ध्याचं काय करायचं? दूधवाल्याने घागर खाली ठेवून हळूच विचारलं, “सामी, अर्धं कोण गेलं?”

तुला लिहायला नको होतं, पण लिहिलं. उत्तर देऊ नकोस वाटल्यास. पिनांगमधला पाऊस कसा आहे एवढं कळव.

सभेशन


कुंभकोणम, २० डिसेंबर १९९३

चि. अभिरामी,

मार्गळी लागला. देवळाच्या भोंग्याने पहाटे घसा साफ केला आणि अख्खी गल्ली पिठाच्या वाट्या घेऊन दारात आली. गल्लीतल्या सगळ्या बायका, आणि मी.

होय, मी. डावी बाजू सध्या मी काढतो. तैयू आपला अर्धा भाग काढून हात झटकते, माझ्या आधाराने ओट्यावर जाऊन बसते, आणि मी धोतर खोचून तिच्या सोडलेल्या मातीत उकिडवा बसतो. गुडघे असे वाजतात की समोरचं कुत्रं उठून गेलं. पहिल्या दिवशी पीठ चिमटीतून सुटायलाच तयार नाही. सुटलं तेव्हा ढिगाने. मुंग्यांचं जेवण झालं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. लोचना मामीने तेवढीही भीड ठेवली नाही.

“सभेशा, ठिपका म्हणजे ठिपका! तू वडे घालतोयस!”

“मामी, मी अक्षरं जुळवणारा माणूस. माझ्या धंद्यात शिसं जागेवर राहतं.”

“तुझ्या धंद्यात जिवंत बायकोची पोस्टरं निघतात. ओळ डावीकडून आण. अरे, डावीकडून!”

रोज काढतो. रोज वाईट काढतो. तैयूला सांगतो, “बघ, पूर्ण झाला.” ती उजवीकडे, स्वतःच्या बाजूला बघते, मान डोलावते. “चांगला झालाय.” माझा भाग तिच्यापुरता नसतोच. मी मातीवर एवढी अब्रू सांडतो आणि जिच्यासाठी सांडतो तिला ती दिसत नाही. फिलोमिनाने तिच्या डावीकडे लाल फीत बांधून पाहिली, घंटी ठेवून पाहिली, जाईचा गजरा ठेवून पाहिला. गजरा तिने मागितला, “वास येतोय, कुठाय?” म्हणाली. पण मान वळली नाही.

काल उकिडवा बसलो असताना वाटलं, हिच्यासोबत इतकी वर्षं जेवलो, झोपलो, भांडलो, आणि ही आता मला नुसती ऐकते. पूर्वी पेपरमधून मान वर केली की ती बघतच असायची, काहीतरी चूक काढायच्या तयारीत. ते बघणं मला हवं आहे. तुला काय हवं असेल ते तू जाण.

या वेळी ये म्हणत नाही. दमलो म्हणून नाही. उगाच सवय लागते.

सभेशन


कुंभकोणम, ७ जानेवारी १९९४

अभिरामी,

ऐक. आज सकाळी मी चुकलो, आणि भव्य चुकलो.

ठिपक्यांची एक रांग जास्त पडली. ओळ नेहमीच्या जागी वळायला हवी होती ती वळली नाही, मधली हद्द ओलांडून तैयूच्या बाजूला घुसली, तिच्या नीटस पाकळीच्या पोटातून आरपार गेली आणि तिथे मेली. मी पुसायला हात घातला तर आणखी फिसकटलं. ओट्यावरून आवाज आला.

“हे काय आहे?”

मी घाईने आणखी पुसलं.

“माझ्या पाकळीत ही ओळ कुठून आली?”

ती पुढे झुकली. उजवा हात लांब करून बोटाने हवेतच त्या ओळीचा माग काढायला लागली, चोराची पावलं शोधणाऱ्या हवालदारासारखी. पाकळीतून मधे. मधून पुढे. ओळ जिथून आली तिकडे तिचं बोट गेलं, बोटामागे नजर गेली, आणि नजरेमागे, अभिरामी, मान गेली. डावीकडे. लाल फितीला, घंटीला, जाईला, माझ्या खोकल्याला जी वळली नाही ती मान एका वाकड्या ओळीला वळली. ओळीच्या शेवटी तिला पिठाने माखलेला एक हात दिसला.

“अभिरामी?” ती म्हणाली. आवाज तुमच्या आईच्या घरातला होता. “इतकी वर्षं झाली, आणि अजून तुला मधलं जुळवता येत नाही?”

मग नजर हातावरून वर चढली आणि माझ्या तोंडाशी आली.

“तुम्ही,” ती म्हणाली.

त्या शब्दात जे होतं त्याचं वर्णन मी करणार नाही. इतके महिने तिच्या डावीकडे बसून ज्या घटकेची वाट पाहिली ती आली, मी तिला सापडलो, आणि सापडून तिची निराशा केली. असं नशीब फार थोड्यांच्या वाट्याला येतं. तरी खोटं बोलत नाही, मला आनंद झाला. ती माझ्याकडे बघत होती. लगेच दाढीवर आली, “ही काय दशा केलीय तोंडाची? त्या गालावर अर्धा आठवडा वस्तरा फिरला नाही.” मग धोतरावर, मग पिठाच्या नासाडीवर. लोचना मामी आपल्या दारात पाठमोरी होऊन विनाकारण खांब पुसत होती.

लगेच देवाला नारळ फोडू नकोस. दुपारी जेवताना मीठ पुन्हा हरवलं. फिलोमिना म्हणते, वळलेली मान परत विसरते, पण एकदा वाट सापडली की पुन्हा सापडू शकते. ‘शकते’ हा तिचा शब्द आहे.

कॉफीच्या वेळी तैयू म्हणाली, “तिला लिहा.”

“काय लिहू?”

“अक्काने हाक मारलीय म्हणावं.”

“एवढंच?”

“एवढंच. तुम्ही जास्त लिहिलंत तर ते तुमचं वाटेल.”

अक्काने हाक मारलीय.

सभेशन


कुंभकोणम, २ फेब्रुवारी १९९४

चि. अभिरामीस आशीर्वाद.

हे पत्र मद्रासला तुझ्या नणंदेच्या पत्त्यावर टाकतो आहे. तू उतरशील तेव्हा तिथे असेल, आणि कुंभकोणमच्या गाडीत बसण्याआधी तू ते वाचशील अशी आशा.

तुझी तार मी घरात नसताना आली. तैयू ओट्यावर एकटी होती. तारवाला रायप्पन सांगतो, त्याने डावीकडूनच हाक मारली, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. अम्मा बराच वेळ उजवीकडे शोधत होत्या, मग वळल्या, आणि सहीसाठी त्याचंच पेन मागून घेतलं. मी आलो तर म्हणाली, “तार आलीय.”

“कुठाय?”

मी उशीखाली पाहिलं, पंचांगाखाली पाहिलं, पिठाच्या डब्यात पाहिलं. मग लक्षात आलं. तिने ती उजव्या हाताने डाव्या मुठीत खोचून ठेवली होती, त्या मुठीत, जिला ती आपली म्हणत नाही. मी तेल आणलं आणि बोट बोट करून मूठ उघडली. कागद घामाने मऊ झाला होता. ‘रविवारी पोहोचते. अभिरामी.’ मी मोठ्याने वाचलं. तिने सांगितलं, “परत वाचा.” मी परत वाचलं. मग ती म्हणाली, “ठेवा परत तिथेच.”

आता नीट ऐक. मी टोमणे मारत नाहीये.

ती बारीक झाली आहे. तोंड थोडं वाकडं आहे, हसली की जास्त वाकडं होतं. बघून दचकू नकोस; दचकलीस तर ती दिवसभर बोलणार नाही. सकाळच्या गाडीने ये, तेव्हा ती ओट्यावर असते. रिक्षा कोपऱ्यावर सोड. तिथून चालत आलीस की तू तिच्या डाव्या अंगाला येशील. उजवीकडे वळसा घालून जाऊ नकोस. उजवीकडून सगळेच येतात, ते सोपं आहे, आणि तुला तिचा चेहरा लगेच बघावासा वाटेल, पण जाऊ नकोस. हाताला धरू नकोस. डावीकडे उभी राहा आणि हाक मार, एकदाच.

ती आधी उजवीकडे बघेल. तिकडे मी नसेन, कुणीच नसेल. ती म्हणेल, कुणीतरी बोललं आणि गेलं. तुला भरून येईल. तू थांब. कधी लगेच वळते, कधी फार वेळ लागतो. कालच्या दिवसात एकदाही वळली नाही हेही तुला सांगून ठेवतो. वळली नाही तर तिथेच, तिच्या डावीकडे, माझ्या खुर्चीत बस. मी आत असेन. कॉफी करत असेन, म्हणजे वेळ भरपूर आहे.

पत्र इथेच आवरतं घेतो. ज्या पेनने लिहितो आहे ते रायप्पनचं आहे. सही झाल्यावर तैयूने ते कंबरेला खोचलं आणि त्याला मागायचा धीर झाला नाही. परवापासून तो बिचारा पेन्सिलने सह्या घेत फिरतोय असं मामी सांगत होती. आता गल्लीच्या टोकाला त्याची सायकल दिसते आहे. यात शाई भरतो, टोपण लावतो, आणि त्याला देऊन येतो.

सभेशन